बॉनेट उघडलं की सोवळी

गौलीगुड्यात माझं हॉर्न आणि सीटकव्हरचं दुकान आहे. माझं नाव अंबाजी. आरटीओतल्या मल्लेशम साहेबांच्या जीपला रिव्हर्समध्ये म्हैस रेकायची, तो हॉर्न मीच बसवलेला. त्यांनी मागितला होता साधा, टूं-टूं वाला. साहेबांनी भर बाजारात जीप मागं घेतली, म्हैस रेकली, आणि केळीच्या गाड्याशी उभी असलेली खरी म्हैस जीपच्या मागं चालायला लागली. साहेब दुकानात आले, दोन शिव्या तेलुगूत दिल्या, दोन उर्दूत. हॉर्न मात्र काढू दिला नाही. म्हणाले, "लोगां जल्दी बाजू होते रे इससे."

एवढं सांगितलं, म्हणजे पुढं जे झालं त्यात माझा हात कुठवर होता ते तुम्हाला समजेल.

नव्याण्णव सालची गोष्ट. माझे दाजी एकनाथराव, म्हणजे आमच्या कुसुमताईचे मालक, सरकारी कारखान्यात टाइम ऑफिसला होते. दिल्लीवाल्यांनी बाजार उघडला, आणि दाजींचा कारखाना मिटला. सगळ्यांच्या गळ्यात हार घातले, हातात नारळ दिला, आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. दाजींनी मिळालं ते सगळं एका नव्या व्हॅनमध्ये घातलं आणि अंबरपेठेत शाळेची पोरं न्यायला लागले.

व्हॅन शुभयान कंपनीची. नाव नीलकंठ. चौरस्त्यावर तिचं हे एवढं होर्डिंग होतं: निळा पक्षी, चोचीत फूल, खाली मोठ्या अक्षरात 'विष मी पितो, श्वास तुम्ही घ्या'. आमच्याकडं दसऱ्याला हा पक्षी दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. इथं त्याला पालपिट्टा म्हणतात. दाजी नावावरच भाळले.

आणि गाडी? सुरू केली की मागून असा धूर, की वाटावं आत कोणी टायर पेटवून शेकत बसलंय. पोट्टे चढताना बगळे असायचे, उतरताना कावळे. आया दाराशी उभ्या राहून सदरे झटकायच्या आणि दाजींकडं बघायच्या. मागच्या बाकावरची एक पोरगी रोज खोकत उतरायची, तिच्याकडं तर दाजी मान वर करून बघत नव्हते.

गंमत अशी, की तपासणीला नेली की गाडी पास. नुसती पास नाही, पहिल्या नंबरात पास. सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं, नाक्यावर ट्रॅफिकवाल्यानं शिट्टी मारायची. "क्या चच्चा, मागं रेल्वेचं इंजिन बांधला काय?" अशी दोन चलानं झाली. तिसरं झालं की परमिट रद्द. परमिट गेलं की व्हॅन नुसता पत्रा. आणि त्या पत्र्यावरच दाजींचं घर चाललेलं.

मी आणि दाजी शोरूमला गेलो. काचेचं दार, आत थंडगार. हर्षद नावाचे मॅनेजर, पुण्याहून आलेले, गळ्यात टाय.

"अरे वा, तुम्ही मराठी? किती छान! तुमचं मराठी ऐकायला मजाच येते हो. मसालेदार अगदी."

"साहेब, मसाला राहू द्या," दाजी म्हणाले, "धुराचं बोला."

हर्षदनी खुर्ची मागं रेलवली. "एकनाथराव, राग मानू नका. गाडी आमची उत्तम आहे, सर्टिफिकेट तुमच्याच हातात आहे. डिझेलमध्ये भेसळ होत असेल. किंवा चालवण्याची पद्धत. इकडचे ड्रायव्हर ना, गाडी हाकतात. बैलगाडीसारखी."

दाजी दुधात पाणी घालत नाहीत, डिझेलमध्ये रॉकेल काय घालतील! पण त्यांनी नुसती टोपी काढून पुसली. मला त्या टोपीचा राग आला. म्हणजे टोपी पुसायला लावली त्याचा.

मग आला दसरा.

आमच्या ताईची गाडीपूजा म्हणजे गाडीचं लग्नच. सकाळी बोलली, "बॉनेट उघडा."

"पुढं हार घाल ना अक्का, आत कशाला शिरतीस?" मी म्हणालो.

"आंब्या, काम कोण करतं? इंजिन. आणि कुंकू लावायचं पत्र्याला? जेवायला वाढताना ताट सोडून पाटाला वाढतो का आपण?"

बॉनेट उघडलं. हळद झाली, कुंकू झालं. आता लाल धागा बांधायचा. पंख्याला बांधला तर तुटेल, रेडिएटरला बांधला तर जळेल. बॉनेटच्या काठाशी एक खुंटी दिसली, बोटाएवढी, डोक्यावर काळी रबरी टोपी घातलेली. "हे बघ, देवानंच खुंटी देऊन ठेवलीय," म्हणून ताईनं तिथं धागा गुंडाळायला सुरुवात केली. हा वेढा कुलदेवीचा. हा गाडीतल्या पोरांचा. हा पोलिसाचा डोळा लागू नये म्हणून. हा त्या पुण्याच्या साहेबाला बुद्धी यावी म्हणून. शेवटच्या कामाला बरेच वेढे लागले. खुंटीला गलगंड झाला, आणि वर गाठी अशा, की कात्रीनं सुटणार नाहीत.

बॉनेट बसेना. मी वर चढून बसलो, तेव्हा खटका लागला. तरी बोटभर फट राहिलीच, त्यातून झेंडू डोकावत होता.

संध्याकाळी जम्मीच्या झाडाकडं निघालो, सोनं लुटायला. इथं आपट्याच्या जागी शमीचं पान. अर्ध्या वाटेत दाजींनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, मागं जाऊन उभे राहिले.

"अंबाजी, धूर कुठाय?"

"हरवला काय? पोलिसात द्यायचा का?"

"मस्करी नको. बघ तर."

खरंच, धूर नाही. एक फुंकरसुद्धा नाही. पण गाडीत जीवही नव्हता. चढावर एक सोडाबाटल्यांची हातगाडी आम्हाला ओलांडून गेली आणि गाडीवाल्यानं विचारलं, "धक्का मारूं क्या?"

"माझा धागा," ताई मागून म्हणाली. बस्स, एवढंच.

महिन्याभरात ताई प्रसिद्ध झाली. शहरातले नीलकंठवाले सगळे धुरानं परेशान, सगळे दारात. ताई नारळ फोडायची, धागा बांधायची, गाडी गरीब गाईसारखी जायची. मी लोकांना रांगेत उभं करायचो आणि वर उपास सांगायचो: "धागा बांधल्यावर गुरुवारी हॉर्न वाजवायचा नाही." गुरुवारी गौलीगुडा कसा शांत असायचा, काय सांगू! माझा धंदा मात्र बसला. थट्टा आपल्याच अंगावर येते ती अशी.

एक दिवस काचीगुड्याचा यादगिरी भांडायला आला. "अक्का, तुमारा देव सिरफ मराठी लोगां की सुनता क्या? धुआं वैसाच है!"

मी त्याची गाडी बघितली. ताईला सर्दी झाली होती त्या दिवशी, म्हणून यादगिरीनं धागा घरी नेऊन स्वतः बांधला होता. स्टिअरिंगला.

माझ्या डोक्यात टूं-टूं वाजलं. त्याचं बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं. ती खुंटी बघितली. तसली बटणं मी दुकानात विकतो. बॉनेट उघडलं की आतला दिवा लागतो, बंद केलं की विझतो, फ्रीजसारखं. पण दिवा कुठाय? इकडं बघितलं, तिकडं बघितलं. या गाडीला आत दिवाच नाही. दिवा नाही तर बटण कशाला?

मी बटण बोटानं दाबलं. यादगिरीला म्हणालो, दे रेस. मागून भस्सकन काळा लोट. बोट काढलं, पुन्हा रेस. धूर गायब. दाबलं, लोट. सोडलं, स्वच्छ. मी धुराची पेटी वाजवत बसलो आणि यादगिरी 'याल्ला' म्हणून कपाळावर हात मारून घेत होता.

तुमच्या लक्षात आलं ना? तपासणीवाला काय करतो? आधी बॉनेट उघडतो, इंजिनचा नंबर बघतो, आणि तसंच उघडं ठेवून मागं नळी लावतो. बॉनेट उघडं, बटण वर. गाडीला कळतं, पाहुणे आले. लगेच डिझेल कमी पिते आणि सोवळं नेसून बसते. बॉनेट मिटलं, बटण दाबलं, की पाहुणे गेले. सोवळं खुंटीवर, आणि बाई मोकळ्या. आमच्या ताईनं धाग्याचे वेढे घालून बटण खाली जाणंच बंद केलं होतं. गाडी बिचारी दिवसरात्र पाहुण्यांसमोर बसलेली.

मी हसून हसून जमिनीवर बसलो. दाजींना बोलावून दाखवलं. ते हसले नाहीत. त्यांनी बटण एकदा दाबलं, एकदा सोडलं.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," ते म्हणाले. "आणि मला म्हणाले, तू भेसळ करतोस."

मी मल्लेशम साहेबांकडं पळालो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भैंस की जगह अब क्या बोलेगा, बकरी?"

"साहेब, आईची शपथ!"

"एमय्या, तू बोला कि दिन है, तो भी मैं खिडकी खोलके देखतूं. जा, जा."

दाजी सरळ माणूस, ते सरळ शोरूमला गेले. हर्षदनी ऐकून घेतलं, चहा पाजला. "अहो, तो सर्व्हिस स्विच आहे. आणि तुम्ही त्याला धागा बांधलात? कंपनीच्या पार्टशी छेडछाड झाली ही. वॉरंटी जाईल. थांबा, आपल्या माणसाकडून काढून देतो." दाजी चहा पीत होते तोवर आत कटरनं धागा कापला गेला. परत येताना नाक्यावर शिट्टी झाली.

तिसरं चलान.

परमिटच्या सुनावणीची तारीख लागली. ताई धाग्याचं रीळ घेऊन बसली होती, पण दाजी म्हणाले, "आता बांधून काय? गाडी आज शहाणी झाली तरी चलानं तीन आहेत." त्या रात्री ते जेवले नाहीत. मला मात्र भूक होती. म्हणून मी जेवलो आणि विचार केला.

आणि बघा देवाची करणी, दुसऱ्या दिवशी हर्षद साहेब स्वतः ताईच्या दारात. चपला बाहेर काढून, हातात मिठाई.

"कुसुमताई, तुमच्याविषयी फार ऐकलंय."

त्यांची अडचण अशी, की कंपनीनं रॅली ठरवली होती, धूरमुक्त शहर म्हणून. अंबरपेठेच्या शोरूमहून शहरभरच्या नीलकंठ निघणार, चिक्कडपल्लीत ग्रंथालयापुढं मांडव, तिथं परिवहन खात्याचे मोठे साहेब हिरवा झेंडा घेऊन. आता बॉनेट उघडं टाकून तर कोणी रॅली काढत नाही, आणि कंपनीनं स्वतः बटणाला हात लावला तर ते कबूल केल्यासारखं होतं.

"तेव्हा सगळ्या गाड्यांना तुमचा तो... प्रसाद. तेवढ्या दिवसापुरता."

"परवा तर तुम्हीच कापलात," ताई म्हणाली.

"ते टेक्निकल होतं हो." मग दाजींकडं वळून, हळू आवाजात, "एकनाथराव, वर आमची ओळख आहे. सुनावणीचं माझ्यावर सोडा. परमिट तुमच्या हातात. फक्त तो स्विच-बिच विषय आपण विसरायचा."

दाजींनी मिठाईचा पुडा उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला. "साहेब, परमिट मला पाहिजे. पण मागच्या बाकावरची पोर रोज खोकते. तिला काय सांगू, विसर म्हणून?"

झालं! आमचे दाजी असे. मी पुडा मधल्या मध्ये झेलला.

"साहेब, दाजींचं मनावर घेऊ नका. धागे मिळतील. मी स्वतः येऊन बांधतो, एकेका गाडीला. मंत्रासकट."

हर्षद गेल्यावर दाजी माझ्याकडं असे बघत होते, की मला चपला घालून पळावंसं वाटलं.

"दाजी, तारखेपर्यंत माझ्यावर भरवसा ठेवा."

"तुझ्यावर?"

"बरं, माझ्यावर नको. ताईच्या पूजेच्या तबकावर ठेवा."

तबकात काय असतं? कुंकू, अक्षता, धागा. आणि कापूर.

मी ताईच्या डब्यातल्या कापराच्या वड्या घेतल्या, यादगिरीच्या गाडीच्या बटणाखाली, रबरी टोपीला टेकून बसवल्या, वरून धागा सैलसर गुंडाळला. बटण वर, गाडी सोवळी. मग यादगिरीला फिरवायला लावलं आणि मी जुनं पोतं भिजवून मांडीवर घेऊन बसलो, पेटलंच तर हाताशी असावं. पेटलं नाही. इंजिन तापलं, कापूर उडून गेला, जसा डबा उघडा राहिला की उडतो. धागा ढिला पडला, बटण टुपकन खाली. आणि मागून, काय सांगू, अमावस्या. हे सगळं साधारण अंबरपेठ ते चिक्कडपल्ली एवढ्या अंतरात.

रॅलीच्या सकाळी मी धोतर नेसून गेलो. कपाळावर गंध. प्रत्येक बॉनेटमध्ये डोकं घालून पुटपुटत होतो. हर्षदना वाटलं मंत्र, मी हॉर्नचे मॉडेल नंबर म्हणत होतो. दाजींच्या गाडीला मात्र ताईनं स्वतः बांधला, खरा, गलगंडवाला. दाजींची गाडी मी सगळ्यांत शेवटी लावली.

"सुवास किती छान येतोय!" हर्षद म्हणाले.

"श्रद्धा आहे साहेब."

रॅली निघाली. फुगे, बॅनर, निळ्या टोप्या घातलेली शाळेची पोरं फुटपाथवर. धुराचं नाव नाही. मी यादगिरीशेजारी बसून सारखा मान बाहेर काढून मागं बघत होतो. काचीगुडा गेलं, नारायणगुडा आलं, अजून काहीच नाही. हिवाळ्याची सकाळ, हवा गार. कापूर उडालाच नाही तर? साहेब झेंडा दाखवणार, फोटो छापून येणार, आणि सुनावणीत दाजी एकटेच खोटे ठरणार. मी आयुष्यात पहिल्यांदा मस्करी केल्यावर देवाचं नाव घेतलं.

मांडव दिसला. मोठे साहेब उभे राहिले. शेजारी मल्लेशम. हर्षदनी माइक घेतला. "नीलकंठ म्हणजे वचन! विष आम्ही पितो..."

पहिल्या गाडीतून कापराचा शेवटचा वास आला, देवळात आरती संपल्यावर येतो तसा. आणि मग भस्स! मग दुसरी. मग तिसरी. मग एकदम सगळ्यांनीच. फुगे काळे, बॅनर काळा, मोठ्या साहेबांचा पांढरा सफारी राखाडी. माइकमधून हर्षदचा खोकला सगळ्या चिक्कडपल्लीला ऐकू गेला. समोरच्या मिरची-भज्याच्या गाडीवाल्यानं कढईवर झाकण घातलं आणि ओरडला, "अरे मेरे भजे!"

"भेसळ!" हर्षद ओरडत होते. "डिझेलमध्ये भेसळ आहे! या ड्रायव्हर लोकांनी..."

"साब, डिझेल आपकेच पंप का है," यादगिरी खिडकीतून म्हणाला. "सुबह आपनेच भरवाये."

त्या काळ्या ढगातून दाजींची गाडी आली, सगळ्यांच्या मागून, बैलगाडीच्या चालीनं. स्वच्छ. एक फुंकर नाही. बॉनेटच्या फटीतून झेंडू डोकावत होता.

मल्लेशम साहेबांनी रुमाल नाकावरून काढला. दाजींच्या गाडीकडं बघितलं, मग गर्दीत मला शोधलं. मी गंध पुसत होतो.

"अंबाजी," ते म्हणाले, "वो बटन कहां बोला था तू?"

त्यांनी यादगिरीचं बॉनेट उघडलं. धूर थांबला. मिटलं, सुरू झाला. उघडलं, थांबला. मग ते बाजूला झाले आणि मोठ्या साहेबांनी स्वतः बटणावर बोट ठेवलं. दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. नव्या खेळण्यावर पोर बसतं तसे ते रमले. फुटपाथवरची पोरं प्रत्येक लोटाला टाळ्या वाजवत होती.

"ये किसलिए है?" साहेबांनी विचारलं.

"सर, सर्व्हिस..." हर्षदचा चेहरा तोवर काळाच झाला होता, त्यामुळं उतरला की नाही कळलं नाही. शेवटी टायची गाठ सैल करत म्हणाले, "सर, वरून असंच येतं. आम्ही फक्त विकतो."

दाजी गाडीतून उतरले. टोपी काढली. मला वाटलं पुसणार. पण नाही, नुसती हातात धरली आणि हर्षदसमोर जाऊन उभे राहिले.

"भेसळ सापडली साहेब," ते म्हणाले. "तुमच्याकडंच होती."

पुढचं पेपरात आलं. नीलकंठची विक्री थांबवली, विकलेल्या सगळ्या परत बोलावून दुरुस्त करायला लावल्या. होर्डिंगवरचा पक्षी कोणी तरी खरवडून काढला. मी नव्हतो, माझा हात तिथवर पोचत नाही. हर्षदची बदली झाली. जाताना दुकानात येऊन गाडीसाठी हॉर्न मागितला. म्हैस नको, एवढीच अट घातली. मी बकरीचा दिला.

सुनावणी मल्लेशम साहेबांपुढंच झाली. तिन्ही चलानं त्यांनी कंपनीच्या नावावर फिरवली, परमिटवर शिक्का मारला आणि दाजींना म्हणाले, "चच्चा, गाडी लाओ बाहर, एक बार देखना है."

दाजी सवयीनं बॉनेट उघडायला धावले.

"नक्को! बंद करके दिखाओ!"

तेव्हापासून आमच्या तपासणीत पहिला हुकूम हाच. कंपनीनं बटण काढून टाकलं, तिथं नुसतं भोक आहे. गाडी आता धूर सोडत नाही, चढावर मात्र सोडावाला अजून पुढं जातो. पोरं शाळेत उशिरा पोचतात आणि त्यात खूश असतात. ती मागच्या बाकावरची आता पुढं बसते, दाजींच्या शेजारी, आणि सोडावाल्याला हात करते.

फक्त ताईचं समाधान नाही. "बटण काढलं तर काढलं," म्हणाली, "श्रेय तरी धाग्याला द्यायचं."

परवा तिच्या दारात एक जीप उभी राहिली. मागं घेताना म्हैस रेकली. मल्लेशम साहेब उतरले, इकडं तिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले, "अक्का, मेरी गाडी बी थोडी धुआं मारती. कहां बांधते वो?"

ताईनं रीळ काढलं. मी म्हणालो, "साहेब, गुरुवारी हॉर्न वाजवायचा नाही बरं का."